फिल्म क्लब आणि अंगतपंगत: जेवण सिनेमाच्या आधी की नंतर?

रानजाई
नमस्कार मंडळी. बंगळूरूत व्हाइटफील्डच्या बाजूला आमची सोसायटी आहे. काही घरं मिळून आम्ही महिन्यातल्या एका शनिवारी क्लबहाउसमध्ये सिनेमा बघतो. नियम दोनच. सिनेमा भारतीय हवा आणि दर महिन्याला भाषा बदलायची. ज्यांची भाषा, त्या घरांनी सिनेमा निवडायचा, सुरुवातीला दोन शब्द सांगायचे आणि मुख्य पदार्थ करायचा. बाकीच्यांनी आपापला डबा आणायचा.

वाद आहे तो जेवणाच्या वेळेवरून. आधी जेवलं की सिनेमा नऊला सुरू होतो आणि ज्येष्ठ मंडळी पेंगतात. नंतर म्हटलं तर लहान मुलं साडेआठलाच रडकुंडीला येतात. ताट मांडीवर घेऊन बघायचं, तर अर्धी मंडळी आमटीत बघतात आणि अर्धी पडद्यावर.

माझं मत नंतरच्या बाजूने आहे. सिनेमा संपला की लोक चपला शोधायला लागतात. हातात ताट असलं तर थांबतात, आणि थांबले की बोलतात. कन्नडच्या महिन्यात 'तिथी' लावला होता (२०१५, दिग्दर्शक राम रेड्डी). मंड्याकडचं खेडं, गावातलीच माणसं घेऊन केलेला सिनेमा. एकशे एक वर्षांचा सेंच्युरी गौडा मरतो आणि अकराव्या दिवशी गावजेवण घालायचं असतं. सिनेमा संपला आणि आमच्या ताटात नाचणीचे मुद्दे (नाचणीच्या पिठाचे शिजवलेले गोळे) आले. मंड्याच्या काकूंनी शिकवलं: बोटांनी तुकडा तोडायचा, सारात बुडवायचा आणि दात न लावता गिळायचा. ते गिळता गिळता म्हातारा गडप्पा, ज्याला जमीन नको, घर नको, फक्त भटकायचं आहे, तो बरोबर की चूक यावर अशी चर्चा रंगली की वॉचमनकाका दिवे बंद करायला आले तेव्हाच उठलो.

तर प्रश्न असे. तुमच्याकडे असं काही चालतं का? जेवण कधी ठेवता? शाकाहार-मांसाहाराचं काय करता? इंग्रजी सबटायटल्स न वाचणाऱ्या आजी-आजोबांसाठी काय करता? आणि पुढचा महिना मराठीचा आहे, कुठला सिनेमा लावू?

सहा_बावन्न
जेवण आधी. भुकेल्या पोटी कसला आस्वाद घेणार?

खडीसाखर
नंतर. भरल्या पोटी घोरतात लोक. आमच्या सासरेबुवांचा आवाज सिनेमातल्या पार्श्वसंगीतापेक्षा मोठा असतो.

मेलबर्नची_माई
मध्यंतरात का नाही? आपल्याकडचे बहुतेक सिनेमे मध्यंतर धरूनच लिहिलेले असतात. पूर्वार्धाचा शेवट असा करतात की माणूस बाहेर वडा खाताना 'आता काय होणार' हेच बोलत असतो. इथे आमच्या मंडळात वीस मिनिटं थांबतो, जेवतो, पुन्हा बसतो. पोरंही शांत राहतात.

रानजाई
माई, वीस मिनिटांत तुमच्याकडचं जेवण आटोपतं? आमच्याकडे तेवढ्या वेळात फक्त डब्यांची झाकणं उघडून होतात. :)

प्रोजेक्टरवाले_नाना
मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

फिल्म सोसायटी म्हणजे भिशी नव्हे. १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि मित्रमंडळींनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली, ती चांगला सिनेमा बघायला मिळत नव्हता म्हणून. १९५९ मध्ये देशभरातल्या अशा संस्थांचं फेडरेशन झालं. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आहे. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं आणि पी. के. नायरांनी जिथून मिळेल तिथून रिळं गोळा केली. या माणसांनी सिनेमाकडे गांभीर्याने बघायची सवय लावली, आणि त्या सवयीवर आम्ही वाढलो.

आमच्या गावातल्या मंडळात मी १६ मिमीचा प्रोजेक्टर चालवायचो. रीळ बदलताना दिवे लागायचे, तेव्हासुद्धा कोणी मोठ्याने बोलत नसे. परभाषेतला सिनेमा असेल तर गोष्टीचा सारांश सायक्लोस्टाइल करून दारात वाटायचो. अंधारात शेजारचा माणूस शेंगदाणा सोलू लागला तरी मागून 'शू' यायचं.

तुम्ही खा, जरूर खा. पण पडदा उजळल्यापासून शेवटचं नाव जाईपर्यंत तोंड बंद आणि डोळे उघडे असावेत. 'कोर्ट'सारखा सिनेमा (२०१४, चैतन्य ताम्हाणे) घ्या. कॅमेरा एका जागी थांबून राहतो. न्यायालयात कोण उठतं, कोण बसतं, मागच्या बाकावर कोण जांभई देतं, हे तुमचं तुम्हाला शोधायचं असतं. तिथे मान खाली घालून पोळीचा तुकडा मोडलात की गेलं.

सहा_बावन्न
नाना, मानलं. म्हणूनच म्हणतो, आधी जेवा.

पुसेसावळीकर
नाना, तुमच्याबद्दल आदर आहेच. पण सिनेमा आणि खाणं आमच्या भागात कधीच वेगळं नव्हतं. जत्रेत तंबू लागायचे. आत मातीवर बसायचं, वरून कापडाला भोकं, त्यातून चांदणं दिसायचं. बाहेर भज्यांची कढई आणि गोडी शेव. पुडी संपेपर्यंत पहिलं गाणं झालेलं असायचं. पब्लिक शिट्ट्या मारायचं, पडद्यावरच्या खलनायकाला शिव्या घालायचं. त्यांचं बघणं कमी दर्जाचं होतं असं मला वाटत नाही. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तंबूत बघितलेल्या सिनेमातला प्रसंग न प्रसंग ती भाकरी थापता थापता सांगायची.

प्रोजेक्टरवाले_नाना
पुसेसावळीकर, तुमच्या आजींना नमस्कार. कमी दर्जाचं मीही म्हणत नाही. शिट्ट्यांसाठी केलेला सिनेमा शिट्ट्यांतच बघावा. प्रत्येक सिनेमाला त्याच्या त्याच्या रीतीने बसावं, इतकंच माझं म्हणणं.

काजवा
सबटायटल्सचा मुद्दा इथेच निकालात निघतो. मराठी सिनेमा असेल तर कानाने चालतो, जेवताना चुकलं तरी भागतं. मल्याळम किंवा आसामी असेल तर वाक्य न वाक्य वाचावं लागतं. वाचायचं की माशाचा काटा काढायचा?

आजी-आजोबांसाठी आम्ही एक करतो. नाना म्हणाले तसा सारांश, पण ऐकवायचा. सुरू होण्याआधी दहा मिनिटं एकजण गोष्टीचा निम्मा भाग आणि पात्रांची नाती सांगतो. शेवट सांगत नाही. नाती कळली की त्यांना पुढचं चेहऱ्यांवरून कळतं, आपल्यापेक्षा जास्तच कळतं.

वकिलीणबाई
जेवणाचं ठरवाच, पण आधी एक विचारते. सिनेमा आणता कुठून? ओटीटीची वर्गणी घरगुती वापरापुरती असते. सोसायटीच्या सभागृहात पन्नास माणसं बसवली की तो घरगुती वापर राहत नाही, मग तिकीट लावा अथवा न लावा.

सरळ मार्ग आहेत. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क, प्रदर्शित झालेल्या वर्षानंतरच्या वर्षापासून मोजून ६० वर्षे असतो. म्हणजे १९३६ चा 'संत तुकाराम', १९५३ चा 'श्यामची आई', १९५५ चा 'पथेर पांचाली' यांची मुदत इथे संपलेली आहे. १९५७ चा तेलुगू 'मायाबाजार'ही त्यात येतो. मात्र त्याची २०१० साली आलेली रंगीत आवृत्ती वेगळी धरा. नवी सबटायटल्स कोणी केली असतील तर त्यांचा हक्कही वेगळा. 'गुपी गाइन बाघा बाइन' १९६९ चा, त्याला २०२९ संपेपर्यंत थांबा नाहीतर परवानगी काढा. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांनी तिथले नियम बघावेत, मोजणी वेगळी असते.

नव्या सिनेमांसाठी निर्मात्याला किंवा दिग्दर्शकाला पत्र लिहा. छोट्या सिनेमांची मंडळी अनेकदा माफक रकमेत परवानगी देतात, आणि प्रेक्षकांशी ऑनलाइन बोलायला येतात ते वेगळंच.

खडीसाखर
वाखुसा (वाचनखूण साठवली). वकिलीणबाई, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा करून ठेवा.

उंबरा
जेवण कधी यापेक्षा ते कोण करतं, यावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

पुण्यात आमचा गट आहे. निर्मात्यांची परवानगी काढून 'द ग्रेट इंडियन किचन' लावला होता (मल्याळम, २०२१, दिग्दर्शक जिओ बेबी). ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी: नवी नवरी सासरी येते आणि मग चिरणं, वाटणं, वाढणं, आवरणं, पुन्हा चिरणं. संवाद थोडे, भांड्यांचे आवाज जास्त. पुरुष जेवून उठतात तेव्हा टेबलावर, ताटाच्या बाहेर, चावून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगांचे चोथे पडलेले असतात. ते तिला हाताने गोळा करायचे असतात. कॅमेरा त्या चोथ्यांवरून हलत नाही.

आता योगायोग बघा. त्या दिवशी आमच्याकडे कोणीतरी शेवग्याच्या शेंगांचं सांबारच आणलेलं. दिवे लागले आणि पातेल्याजवळ कोणी जाईना. मग एक काका उठले, म्हणाले, आज बायकांनी बसायचं. पुरुषांनी वाढलं, भांडी घासली, ओटा पुसला. छान वाटलं, खोटं का बोलू.

पण पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. डबे बायकांनी केलेले, नवरे डबा उचलून आणणार आणि 'आमच्याकडून बिर्याणी' म्हणणार. सिनेमात जे बघून आम्ही हळहळलो ते आमच्याच क्लबात दर महिन्याला चाललेलं. दोन मैत्रिणी तर सिनेमा चुकवायला लागल्या, कारण शनिवारची दुपार स्वयंपाकात जायची आणि अंधारात बसलं की डोळे मिटायचे.

मग आम्ही पाळ्या लावल्या. घरातल्या ज्या माणसाने गेल्या वेळी केलं, त्याने या वेळी करायचं नाही. जमत नसेल तर केळी आणा, दही आणा, विकतचा ब्रेड आणा, कोणी काही बोलणार नाही. भांड्यांसाठी चिठ्ठ्या टाकतो आणि चिठ्ठीत मुलांचीही नावं असतात. पदार्थांची संख्या कमी झाली, पण सिनेमाला बायका पुन्हा पूर्ण जाग्या असतात. रानजाई, आधी हे ठरव. वेळेचं आपोआप ठरेल.

काजवा
उंबरा, बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

रानजाई
उंबरा, हे वाचून आमच्या ग्रुपवर तसंच्या तसं पाठवलं. मुद्द्यांच्या दिवशी त्या मंड्याच्या काकू दुपारपासून उभ्या होत्या, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच काही बोललं नव्हतं.

शुद्धतूप
शाकाहारच ठेवावा असं माझं मत. सभागृह सगळ्यांचं आहे आणि काहींना वास सहन होत नाही. शाकाहारी जेवण सगळेच जेवू शकतात.

बांगडा_फ्राय
शुद्धतूप, 'तिथी'तल्या गावजेवणासाठी मेंढ्या शोधत फिरतात. त्यावर तुम्ही पनीर वाढणार? बंगाली कुटुंबाला त्यांच्या महिन्यात मासा आणू नका म्हणून सांगणार? आम्हा गोंयकारांना तर नुस्त्याशिवाय (माशाशिवाय) जेवण झाल्यासारखंच वाटत नाही.

शुद्धतूप
आग्रह नाही, सूचना आहे. मला उलटी होते, हे सांगायचीही सोय नाही का?

बांगडा_फ्राय
सोय आहेच. पण 'सगळ्यांना चालेल असं' म्हणजे दर वेळी एकाच बाजूचं का?

निळी_पाऊलवाट
दोघांचंही ऐकलं. मला यात पडायचं नव्हतं, पण सहभोजन हा शब्द आमच्या घरात फार जपून वापरतात म्हणून लिहितोय.

एकत्र बसून जेवणं ही या देशात साधी गोष्ट कधीच नव्हती. १९१७ साली केरळात चेराईला सहोदरन अय्यप्पन यांनी वेगवेगळ्या जातींच्या लोकांना एका पंगतीला बसवलं, तर त्यांच्यावर बहिष्कार पडला. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढलं तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले, कारण एरवी त्यांच्या हातचं कोणी प्यायलं नसतं. बाबासाहेबांच्या समाज समता संघाने सहभोजनं घातली. त्यामुळे कोणाच्या डब्यातलं काय 'चालत नाही' हे ठरवताना जरा थांबून बोलावं.

आमच्या कॉलेजात 'फँड्री' (२०१३, नागराज मंजुळे) दाखवला होता. डुकराच्या मागे सगळं कुटुंब धावतंय आणि शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. जब्या थांबतो, घरचेही थांबतात आणि डुक्कर समोरून निघून जातं. काही मुलं हसली. काहींना हसू आलं नाही. नंतर मेसमध्ये नेहमीप्रमाणे जो तो आपापल्या टेबलावर गेला. त्या दिवशी एका टेबलावर बसलो असतो तर कोण का हसलं, हे कोणीतरी विचारलं असतं.

वासाचा त्रास खरा असतो, त्याची थट्टा करू नये. मांसाहारी पदार्थ खिडकीजवळच्या टेबलावर, वेगळा डाव, झाकण, डब्यावर चिठ्ठी, एवढं पुरतं. पदार्थ वेगळे ठेवा. माणसं वेगळी बसवू नका.

शुद्धतूप
हे मान्य. खिडकीजवळ ठेवलं तर मला अडचण नाही. आणि मी त्याच पंगतीत बसेन.

मेलबर्नची_माई
चिठ्ठीवर शेंगदाणे, काजू, दूध, गहू यातलं काय आहे तेही लिहा. आमच्याकडे एका मुलाला दाण्याच्या कुटाची ॲलर्जी आहे, आणि मराठी स्वयंपाकात कूट कशात नसतो सांगा.

संपादक मंडळ
चर्चा चांगली चालली आहे, अशीच राहू द्या. साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा असावा की नसावा हे पाच प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत.

खडीसाखर
आता सिनेमे सुचवा ना कोणीतरी.

अक्षयपात्र
खाण्यासोबत बघायचा तर 'मायाबाजार'ला तोड नाही. के. व्ही. रेड्डींचा. गोष्ट आपल्याकडच्या वत्सलाहरणाची, तिकडे तिला शशिरेखा म्हणतात. लग्नासाठी मांडलेल्या पक्वान्नांवर एस. व्ही. रंगाराव यांचा घटोत्कच एकटा बसतो आणि लाडवांची रास फस्त करतो. परातीच्या पराती आपण होऊन त्याच्याकडे सरकतात. आमच्या हैदराबादच्या घरात तो प्रसंग सुरू झाला की कोणीतरी स्वयंपाकघरात जाऊन डबा घेऊन येतोच. सावित्रीचं काम बघा. शशिरेखेच्या रूपातला घटोत्कच तीच करते, आणि नाजूक चेहऱ्यातून मधेच राक्षसाचा दरारा डोकावतो. फक्त तीन तासांचा आहे, लवकर सुरू करा.

पुसेसावळीकर
'मंथन' लावा (१९७६, श्याम बेनेगल). गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला सिनेमा. नवी केलेली प्रत २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवली. पदार्थ सगळे दुधाचे. खरवस माझ्याकडून.

बांगडा_फ्राय
आसामीच्या महिन्यात 'आमिस' (मांस खाण्याच्या नादाची गोष्ट) लावणार असाल तर जेवणाआधी नको, जेवणानंतरही नको. दुसऱ्या दिवशी उपास असेल तर बघा.

काजवा
रानजाई, मराठीसाठी 'संत तुकाराम'. दामले-फत्तेलालांचा. बंगळूरूत तुमच्याकडे पाच-सहा भाषांची माणसं आहेत. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा आणि अभंग त्यांच्यापर्यंत पोचायला भाषा लागत नाही. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, तिथल्यांना कुठे मराठी येत होतं? आणि जिजाई बघाच. पोर आजारी आहे म्हणून ती पायातली वहाण हातात घेऊन थेट देवळात शिरते आणि विठोबाला जाब विचारते. गौरीबाईंनी ते असं केलंय की उंबराने लिहिलेला सगळा प्रतिसाद त्या बाईच्या एका ओरडण्यात आहे. नवरा अभंगात रमलेला आणि पोरांच्या पोटाची काळजी हिलाच.

उंबरा
काजवा, अगदी. तुकाराम बघायला म्हणून बसावं आणि जिजाई घरी घेऊन यावी असा सिनेमा आहे तो.

रानजाई
काल आमची बैठक झाली. 'संत तुकाराम' ठरला. हक्काचा प्रश्न नाही आणि लांबीही सव्वादोन तासांच्या आत.

साडेसहाला मुलांसाठी भडंग आणि केळी. सातला सारांश, कन्नड आणि इंग्रजीत. सव्वासातला सिनेमा, मध्यंतर नाही. साडेनऊला जेवण: झुणका, भाकरी, ठेचा, कांदा, ताक. डबे फक्त ज्यांना जमेल त्यांनी. भाकऱ्या आदल्या दिवशीच्या चालणार नाहीत, म्हणून दोन शेगड्या क्लबहाउसच्या मागच्या पडवीत लावतोय. ज्याला भाकरी हवी त्याने थापायला शिकायची, पुरुष मंडळींनी आधी. मंड्याच्या काकूंना या वेळी पहिल्या रांगेतली खुर्ची आणि काही करायचं नाही, असं सगळ्यांनी मिळून सांगितलं. त्या म्हणाल्या, भाकरी कशी करता ते बघायला मात्र उठेन.

सहा_बावन्न
साडेनऊपर्यंत मला धीर निघणार नाही. भडंग मोठ्यांनाही ठेवा.

रानजाई
ठेवते. :)

प्रोजेक्टरवाले_नाना
निवड उत्तम. एक सांगतो. या सिनेमाच्या बऱ्याच प्रती आवाजाला खराब आहेत. आधी एकदा त्याच सभागृहात पहिली पंधरा मिनिटं लावून बघा, शेवटच्या रांगेत बसून. स्पीकर पडद्याच्या बाजूलाच ठेवा, खोलीच्या मागे नको. अभंग समोरून आले पाहिजेत. आणि भाकरीचा धूर पडद्याकडे येणार नाही ना, तेवढं पाहा.

रानजाई
नाना, शुक्रवारी रात्री लावून बघतो. एक अडचण आहे. इंग्रजी सबटायटल्समध्ये अभंगांचा अर्थ फार तुटक येतो. महत्त्वाच्या चार अभंगांचा अर्थ एका कागदावर आधीच वाटायचा विचार आहे. कोणी मदत कराल?

निळी_पाऊलवाट
इंग्रजी मी करतो. रविवारपर्यंत कच्चा खर्डा पाठवतो. कन्नड कोण बघेल?

बेळगावची_बाळी
मी बघते. आमची कन्नड बेळगाव-धारवाडकडची आहे, मंड्याच्या काकूंना एकदा वाचायला द्या. आणि ठेच्याला मिरच्या इथून पाठवते, तिकडच्या मिरच्यांना तिखटपणा नाही.